राजाची नाशपाती, छोटू बोनी आणि बिल कोण भरतं?

मांडवीकाठचा

संपादकांना आधीच सांगून ठेवतो, धागा इथल्या कुठल्याही आजी, माजी किंवा भावी मंत्र्यावर नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडन-पॅरिसवर आहे. उडवू नका प्लीज, टायपायला फार वेळ लागलाय.

मागच्या व्यंगचित्रवाल्या धाग्यावर बऱ्याच जणांचा सूर असा होता की पूर्वीचे लोक कसे निर्भीड, राजालाही सोडायचे नाहीत, आणि आताचे सगळे मॅनेज झालेले. मला हे पटत नाही. पूर्वीचेही मॅनेज व्हायचे, आणि ज्याला ह्या धंद्यातला बाप मानतात तो तर सगळ्यात आधी झाला.

जेम्स गिलरे, लंडन. नेपोलियन बुटका होता हे आपल्याला शाळेपासून 'माहीत' आहे ना, ते जगाच्या डोक्यात घालण्यात ह्या माणसाचा मोठा हात. नेपोलियनची उंची फ्रेंच मापात ५ फूट २ इंच, पण फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा, म्हणजे साधारण १६८ सेंमी झाली, त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने अगदी नॉर्मल. पण गिलरेने १८०३ पासून त्याला भल्यामोठ्या टोपीत नि गुडघ्यापर्यंतच्या बुटांत बुडालेला, थयथयाट करणारा कार्टा करून टाकला. 'लिटल बोनी'. एका चित्रात तो खुर्ची-टेबल उडवत किंचाळतोय, दुसऱ्यात इंग्लंडचा तिसरा जॉर्ज त्याला तळहातावर उभा करून दुर्बिणीतून बघतोय की हे काय चिलट आहे.

सगळ्यात गाजलेलं २६ फेब्रुवारी १८०५ चं. टेबलावर पृथ्वीच्या गोळ्याएवढं वाफाळतं पुडिंग, म्हणजे ती पृथ्वीच. एका बाजूला इंग्लंडचा पंतप्रधान पिट, उंच, काटकुळा, शांतपणे महासागराचा तुकडा कापतोय, त्याचा काटा बघितलात तर तीन दात्यांचा त्रिशूळ आहे, समुद्रदेवाचा. समोर नेपोलियन खुर्चीवरून अर्धवट उठलाय कारण बसून हात पोचत नाही, तलवारीने युरोप कापतोय, डोळे बाहेर आलेत. दोघांपैकी भला कोणीच दाखवलेला नाही हे मला आवडतं, पण बुटका एकच.

आता मुद्द्याचं. हाच गिलरे आधी पिटला राजमुकुटावर उगवलेली विषारी अळंबी म्हणून काढायचा (१७९१). १७९२ ला युवराजाला असा काढला की पोट पँटीतून बाहेर, काट्याने दात कोरतोय, मागे न भरलेली बिलं. मग १७९७ ला त्याला सरकारकडून वर्षाला २०० पौंड पेन्शन लागली. आणि विरोधी पक्षाची चित्रं अचानक जास्त झोंबरी झाली. झालं का मॅनेज?

त्याच्या उलट पॅरिस, १८३१. शार्ल फिलिपों नावाचा व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचा मालक स्वतःच्या राजाची, लुई-फिलिपची, टर उडवत होता. कोर्टात खेचला तेव्हा त्याने भर कोर्टात चार चित्रं दाखवली, पहिल्यात राजाचं डोकं, दुसऱ्यात गाल जरा सुटलेले, तिसऱ्यात अजून, चौथ्यात सरळ नाशपाती. आणि विचारलं की बाबांनो ह्यात गुन्हा नेमका कुठे सुरू होतो, आता नाशपाती काढली तरी मला आत टाकणार का. टाकला. सहा महिने आणि २००० फ्रँक दंड. मग त्याने तीच चार डोकी छापून विकली, दंडाचे पैसे काढायला.

तर माझं म्हणणं एवढंच की परक्या राजाची टर उडवायला पेन्शन मिळते, घरच्याची उडवली की तुरुंग. निर्भीड कोण ते ह्यावरून ठरवा. टाका मतं.


डिचोलीचा_डॉन

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. "इथल्या कुणावर नाही" म्हणजे इथल्या सगळ्यांवर आहे हे कळलं बरं का :)


फोंडेकरीण

छान लिहिलंय पण निष्कर्ष जरा घाईत काढलाय असं वाटतं. पेन्शन १७९७ ला लागली बरोबर, पण पिट १८०१ ला पायउतार झाला आणि परत आला १८०४ ला. लिटल बोनी १८०३ चा. म्हणजे बोनी जन्मला तेव्हा पिट सत्तेतच नव्हता. तेव्हा इंग्लंडला खरोखर भीती होती की नेपोलियन खाडी ओलांडून येणार, समोर बुलोनला त्याची फौज जमत होती, आणि घाबरलेल्या लोकांना घाबरवणारा माणूस एवढासा दाखवला तर ते विकत घेणारच की. त्याला सरकारी हुकूम कशाला लागतो, दुकानात गर्दी होती तेवढं पुरे. गिऱ्हाईक बिल भरत होतं.

मला त्या नाशपातीबद्दल जास्त सांगा. नेपोलियनचं चित्र काढायला गिलरे लागतो, नाशपाती कोणीही काढू शकतं. माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.


मांडवीकाठचा

@फोंडेकरीण पॉइंट आहे तुमचा. पेन्शन आणि बोनी असं सरळ जोडता येत नाही, मान्य. पण पिटच्या काळात विरोधी पक्षाच्या फॉक्सला जे काय केलंय त्याने ते मात्र पगारीच वाटतं बघा.

नाशपातीचं अगदी तसंच झालं. पॅरिसच्या भिंतींवर, कुंपणांवर पोरं खडूने नाशपात्या काढायला लागली. दोन रेषा नि एक देठ. पोलिसांनी पुसायच्या तरी किती आणि पकडायचं कोणाला, सहा वर्षांच्या पोराला? चित्राखाली नाव लागत नाही, मुकुट लागत नाही. फिलिपोंने राजाला असा आकार दिला की तो बाजारात दर टोपलीत दिसायला लागला.


शाई_आणि_सुई

वा, आवडीचा विषय. मी आल्तिनच्या आर्ट कॉलेजात प्रिंटमेकिंग केलंय, त्यामुळे राहवत नाही, जरा टेक्निकल लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

गिलरे आणि फिलिपोंच्या लोकांमध्ये फक्त हिमतीचा फरक नाही, माध्यमाचा पण आहे. गिलरे तांब्याच्या पत्र्यावर काम करायचा. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने खरवडून काढायचं, मग ॲसिडमध्ये बुडवायचं, जिथे मेण गेलंय तिथे ॲसिड तांबं खातं, त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाबून प्रिंट. सगळं उलटं काढावं लागतं, अक्षरंसुद्धा! त्याच्या चित्रांत केवढं बारीक लिखाण असतं बघा, ते सगळं आरशातल्यासारखं लिहिलंय. मी एक साधी सही उलटी काढताना घाम गाळलाय. आणि प्रेसमधून निघायचं ते काळं-पांढरंच, रंग नंतर हाताने, प्रत्येक प्रतीवर वेगळा. हे काम बहुतेक बायका करायच्या. त्यांची नावं कुठल्याच चित्राखाली नाहीत.

दुकानही बाईचंच होतं. हॅना हम्फ्री, सेंट जेम्स स्ट्रीट. गिलरे तिच्याच घरात वर राहायचा. खिडकीत नवीन चित्र लागलं की फुटपाथ ब्लॉक. विकत घेणारे श्रीमंत, फुकट बघणारे बाकी सगळे. आणि ज्या युवराजाचं पोट बाहेर काढलं तो स्वतः ही चित्रं घ्यायचा, राजघराण्याच्या संग्रहात अजून आहेत.

पॅरिसवाल्यांकडे आला लिथो. झेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसाने १७९० च्या दशकाच्या शेवटी शोधलेला. गुळगुळीत चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट खडूने थेट चित्र काढायचं, कागदावर काढतो तसं. मग दगड ओला करायचा. तेलकट जागी पाणी बसत नाही, तिथेच शाई चिकटते. ना सुई, ना ॲसिडमध्ये रात्रभर जागणं. घटना आठवड्यात घडली की पुढच्या अंकात चित्र. आणि तांब्याची खाच झिजते, दगडावरून प्रती कितीतरी जास्त निघतात. म्हणून तर फिलिपोंकडचा चित्रकार दोमिए आयुष्यभरात चार हजाराच्या आसपास लिथो काढू शकला, गिलरेला हे जमलंच नसतं.

म्हणून पोलीस आले की चित्र नंतर, आधी दगड मागायचे.


मांडवीकाठचा

@शाई_आणि_सुई दंडवत. दोमिएचं नाव काढलंत तर 'गार्गांतुआ' सांगायलाच हवं. डिसेंबर १८३१, दोमिए २३ वर्षांचा. लुई-फिलिप भलामोठा, डोकं अर्थातच नाशपाती, सिंहासनावर बसलाय. जमिनीपासून त्याच्या तोंडापर्यंत एक फळी लावलीय, त्यावरून हमाल टोपल्या टोपल्या नाणी वर नेऊन त्याच्या तोंडात ओततायत, खाली फाटकी बाई-माणसं शेवटचा पैसा टाकतायत. आणि ते सिंहासन म्हणजे संडासाची खुर्ची आहे. खालून पडतायत पदकं, नेमणुकीचे कागद, आणि ते झेलायला दरबारी मंडळींची झुंबड. मागे संसद.

सहा महिने कैद, ५०० फ्रँक दंड. शिक्षा लगेच लावली नाही, पण हा गप्प बसला नाही, मग ऑगस्ट १८३२ ला आत घेतला, सेंत-पेलाजी तुरुंगात. दगड आणि प्रती नष्ट करायचा हुकूम. तरी प्रती शिल्लक राहिल्याच.


डिचोलीचा_डॉन

वरून टोपल्या, खालून नेमणुका. नाही नाही, इथल्या कुणावर नाही :) :)


खडखडे_मास्तर

नेपोलियन ह्या चित्रांवर नुसता हसत नव्हता, चांगला चिडायचा. हे विसरू नये की स्वतःच्या घरी त्याने जानेवारी १८०० मध्येच, सत्तेवर येऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच, पॅरिसची ७३ राजकीय वर्तमानपत्रं होती त्यातली ६० एका फटक्यात बंद केली. उरली १३. मग १८०२ ला इंग्लंडशी तह झाला तेव्हा इंग्लंडकडे तक्रार, की तुमच्याकडे माझी बदनामी चाललीय ती थांबवा.

आणि इंग्लंडने काही अंशी ऐकलं! पेल्तिए नावाचा फ्रेंच माणूस लंडनला पळून आला होता, नेपोलियनविरुद्ध लिहायचा, त्याच्यावर फेब्रुवारी १८०३ मध्ये लंडनच्या कोर्टात परदेशी राष्ट्रप्रमुखाच्या बदनामीचा खटला चालला आणि तो दोषी ठरला. म्हणजे मांडवीकाठच्या बाबांचा 'परक्याला हसलं की पेन्शन' हा सिद्धांत दर वेळी लागू नाही, तह चालू असला की परकाही घरचा होतो. मे मध्ये परत युद्ध लागलं आणि शिक्षा राहूनच गेली. बोनीची धमाल चित्रं येतात ती त्यानंतर, हा योगायोग नाही.

अवांतर : त्या खटल्यात पेल्तिएचा वकील होता जेम्स मॅकिंटॉश. लगेच पुढे तो मुंबईला रेकॉर्डर म्हणजे न्यायाधीश होऊन आला आणि १८०४ ला त्याने तिथे लिटररी सोसायटी काढली, तीच आजची टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. तिथल्या पायऱ्यांवर बसून सेल्फी काढणाऱ्यांना कल्पना नसेल.


तांबडीमाती

मास्तर, भारी माहिती. मग गोव्याचंही ऐका. नेपोलियनच्या भीतीने ब्रिटिश फौज चक्क गोव्यात येऊन बसली होती, १७९९ ते १८१३. राज्य पोर्तुगीजांचं पण काबोला, आग्वादला सोल्जर इंग्रजांचे. टिपू आणि फ्रेंच मिळून काही करतील ही धास्ती, टिपू गेल्यावरही ते हलले नाहीत. दोना पावलला ती ब्रिटिशांची दफनभूमी आहे ना, सगळे तिच्यासमोरून गाड्या पळवतात, ती त्याचीच निशाणी. लंडनमध्ये ज्याला एवढासा काढून लोक हसत होते त्याच्या भीतीने इथे काबोवर तोफा लावून बसले होते. आणि १८०७ ला त्याची फौज लिस्बनवर आली तेव्हा पोर्तुगालचं अख्खं राजघराणं जहाजात बसून ब्राझीलला गेलं, म्हणजे आपला 'राजा' सुद्धा ह्याच बुटक्यामुळे पळाला.


फोंडेकरीण

म्हणजे हसू आणि धास्ती एकत्रच. मला तर वाटतं धास्ती असल्याशिवाय असं चित्र चालतच नाही. ज्याला कोणी घाबरत नाही त्याला बुटका करून कोण विकत घेणार.


सासष्टीकर

पण मग आमच्या गोव्यात असं काही का झालं नाही हा खरा प्रश्न. आशियातला पहिला आधुनिक छापखाना इथे आला, १५५६, ओल्ड गोव्याला सेंट पॉल कॉलेजात. अभिमानाने सांगतो आपण. पण पहिलं वर्तमानपत्र कधी? १८२१. गॅझेता द गोवा. तेही सरकारी. अडीचशेहून जास्त वर्षं मशीन घरात आणि छापायचं काय तर धर्म आणि हुकूम. छापखाना असून भागत नाही, हम्फ्रीबाईसारखं रस्त्यावर खिडकी असलेलं दुकान लागतं.

पोर्तुगालात मात्र पुढे झालं. राफाएल बोर्दालो पिन्येइरो, त्याने १८७५ ला 'झे पोव्हिन्यो' काढला, म्हणजे रांगडा, दाढीवाला, भोळसट रयतेचा माणूस. पहिल्याच चित्रात अर्थमंत्री संत अंतोनियोच्या नावाने त्याच्याकडून पैसे मागतोय आणि हा डोकं खाजवतोय. धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाला त्याने तेव्हाच उत्तर देऊन ठेवलंय, बिल झे भरतो.


माशेलची_माई

पोरांनो, वाचतेय सगळं, बरं चाललंय. सालाझारच्या, म्हणजे पोर्तुगालच्या हुकूमशहाच्या वेळचं मी थोडं सांगते, मी तेव्हा लहान होते पण घरात बोलणं व्हायचं. छापायचं काहीही असलं तरी आधी सेन्सॉरकडे. लग्नाची पत्रिकासुद्धा पास करून आणावी लागायची असं वडीलधारे सांगायचे. तिथे कोण सालाझारचं नाक लांब काढणार? पोर्तुगालात पण तेच, निळ्या पेन्सिलीने काट मारायचे नि पेपरावर सेन्सॉरने पाहिल्याचा शिक्का.

चित्र नव्हतं पण नकला होत्या हो. दशावतारी काल्यात, जागरात, संकासुर येऊन काय वाटेल ते बोलून जायचा आणि सगळे हसायचे, पण काय बोलला ते सकाळी कुणाला आठवायचं नाही. कागदावर काही नाही तर पकडणार काय.


मांडवीकाठचा

माई, हे तुमी लिहिलंत ते फार महत्त्वाचं. तोंडी टवाळीला पुरावा नाही आणि छापलेलीला आहे, म्हणूनच छापलेल्याला राजे घाबरतात. जोआव आबेल मांता ह्या पोर्तुगीज चित्रकाराने सालाझारच्या वर्षांवर जबरदस्त व्यंगचित्रं काढली, पुस्तकच आहे, पण ते आलं १९७८ ला. सालाझार १९७० लाच गेला होता आणि १९७४ ला क्रांती होऊन त्याची राजवटही. मेल्यावर काढली म्हणून कमी दर्जाची असं नाही, पण फिलिपोंच्या रांगेत मी नाही बसवणार.


खडखडे_मास्तर

माईंच्या मुद्द्याला जोडून. आपल्याकडे मराठीत हेच काम नाटकाने केलं. खाडिलकरांचं कीचकवध, १९०७. स्टेजवर महाभारत, पण प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं की कीचक म्हणजे कर्झन. १९१० ला सरकारने बंदी घातली. आता गंमत बघा, बंदी घालायची तर सरकारला आधी कबूल करावं लागतं की हो, तो कीचक आमच्या साहेबासारखाच दिसतो. फिलिपोंने कोर्टाला नेमकं ह्याच कात्रीत पकडलं होतं.


सासष्टीकर

आणि मारिओ? धाग्यात गोवा आला आणि मारिओ मिरांडा आला नाही असं कसं. लोटलीचा माणूस. त्याचा मिनिस्टर बंडलदास आठवतो ना? गोल पोट, टोपी, फीत कापायला तयार.


डिचोलीचा_डॉन

मारिओ ग्रेट पण बंडलदास कोणालाच बोचला नाही. प्रत्येक मंत्री बघून म्हणायचा हा दुसराच कोणीतरी. मग कॉफी मगवर छापून टुरिस्टांना विकला. सॉरी पण हेच खरं.


सासष्टीकर

@डॉन जरा सांभाळून हां. मारिओने गर्दी काढली, एकेका माणसाला खाटकासारखं कापणं हा त्याचा पिंडच नव्हता. पणजी मार्केटातली त्याची भित्तिचित्रं बघ, मासळीवाली, पाववाला, भाटकार म्हणजे जमीनदार, सगळे एकाच नजरेने बघितलेत. प्रत्येकाने गिलरेच व्हायला पाहिजे का?


फोंडेकरीण

दोघंही बरोबर आहात आणि भांडताय वेगळ्याच गोष्टीवर. बंडलदास हा टाइप आहे, नाशपाती हा एक विशिष्ट माणूस आहे. टाइपला तुरुंग नाही. आणि दोमिएसुद्धा पुढे टाइपकडेच वळला, वळावं लागलं. ते १८३५ चं कोणीतरी सविस्तर लिहा ना.


मांडवीकाठचा

लिहितो. आधी १८३४, पॅरिसमध्ये दंगल, रु ट्रान्सनोनें नावाच्या गल्लीतल्या एका घरातून गोळी आली म्हणून सैनिक आत घुसले आणि राहणाऱ्यांना मारलं. दोमिएने त्याचं लिथो काढलं. त्यात नाशपाती नाही, विनोद नाही, राजा नाहीच. रात्रीच्या सदऱ्यातला एक माणूस पलंगाला टेकून मरून पडलाय आणि त्याच्या अंगाखाली लहान मूल दबलंय. बस. व्यंगचित्राच्या मासिकाकडून हे आलं. दगड सरकारने जप्त केला.

मग २८ जुलै १८३५ ला फिएस्कीने राजावर हल्ला केला, अनेक नळ्यांची बंदूक एकत्र उडवली, राजा वाचला, आजूबाजूचे बरेच मेले. सरकारला निमित्त मिळालं. सप्टेंबरचे कायदे. आता अडचण अशी की १८३० च्या सनदेतच, म्हणजे राज्यघटनेतच, लिहून ठेवलेलं होतं की सेन्सॉरशिप परत कधीही आणता येणार नाही. मग युक्तिवाद काय केला, तर सनदेने हक्क दिलाय तो मतं छापायचा, चित्र म्हणजे मत नव्हेच, चित्र लोकांच्या डोळ्यांवर केलेली कृती आहे! त्यामुळे लेखाला आधी परवानगी नको, चित्राला हवी. इतकं सरळ कुठल्याच सरकारने कबूल केलं नसेल की आम्हाला चित्राची जास्त भीती वाटते, कारण वाचता न येणारालाही ते कळतं.

फिलिपोंचं 'ला कारिकात्यूर' साप्ताहिक बंद पडलं. रोज निघणारं 'शारिवारी' चालू राहिलं पण राजा वगळून. दोमिएने मग भामटे शेअरवाले, वकील, डॉक्टर, घरमालक काढले. ते पण उत्तम आहेत, पण मला वाचताना सारखं वाटतं की ह्या प्रत्येक चित्रात एक खुर्ची रिकामी ठेवलीय.


तांबडीमाती

मग उपयोग काय झाला म्हणायचा? नाशपाती काढली, जेल झाली, कायदा आला, राजा मजेत. तो पडला १८४८ ला, म्हणजे नाशपातीनंतर सतरा वर्षांनी, तेही पीक बुडालं, मंदी आली, मतदानाचा हक्क नाकारला म्हणून. चित्राने राज्य पडतं हे आपल्याला ऐकायला बरं वाटतं फक्त.


फोंडेकरीण

चित्राने राज्य पडत नाही, सहमत. पण लुई-फिलिपचं नाव घेतलं की आज कोणाला काय आठवतं? त्याचे कालवे, त्याच्या शाळा? नाशपाती. आणि नेपोलियनचा अख्खा कायदा अर्ध्या युरोपात वापरात आहे पण पोरासोरांना माहीत काय तर बुटका. राज्य नाही घेता आलं, पण मागे काय उरेल ते चित्रकाराने ठरवलं. मला तेवढं पुरतं.


शाई_आणि_सुई

ह्यात जर्मनांचं एक राहिलं. १८१३ ला लाइपझिगला नेपोलियन हरला, लगेच जर्मनीतून एक छोटं चित्र निघालं, योहान फोल्त्झचं. लांबून नेपोलियनचा साधा पोर्ट्रेट. जवळ आणलं की चेहरा प्रेतांचा बनलेला, टोपी म्हणजे त्याला पंजात धरणारा गरुड, खांद्यावरची झालर म्हणजे एक हात, आणि छातीवर जिथे पदक असतं तिथे कोळ्याचं जाळं. बऱ्याच देशांत त्याच्या नकला झाल्या. तंत्राच्या दृष्टीने गिलरेच्या पासंगाला पुरत नाही, पण मला ते बघून जास्त भीती वाटते. बुटका केलेला माणूस शेवटी गोड वाटायला लागतो हो, गिलरेचा बोनी बघून कधीकधी कीव येते. हा नाही येत.


खडखडे_मास्तर

बिलाच्या मुद्द्यावर एक राहिलं. जॉर्ज क्रुइकशँक, गिलरेनंतरचा. १८२० मध्ये त्याला इंग्लंडच्या राजाकडून म्हणजे चौथ्या जॉर्जकडून, तोच तो पोटवाला युवराज, १०० पौंड मिळाले, अट अशी की महाराजांना कुठल्याही अनैतिक प्रसंगात दाखवायचं नाही. रीतसर लेखी. त्याने पैसे घेतले आणि त्याच वर्षी राणीच्या प्रकरणावरून राजाची यथेच्छ काढली.


डिचोलीचा_डॉन

हा आपला माणूस!!! ह्याला गोव्यातून तिकीट द्या.


सासष्टीकर

हसताय काय, आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री काय होतं? गल्लोगल्ली नरकासुर. वीस-वीस फुटी, पोरं रात्रंदिवस खपून करतात, पेपर, गवत, काय ती नखं, काय ते डोळे. पहाटे जाळायचा. म्हणजे दुष्ट सत्ताधाऱ्याचं चित्र काढून जाळायचा वार्षिक सण आहे आपल्याकडे, फिलिपोंला मिळाला असता तर वेडा झाला असता. पण नरकासुराच्या पाठीमागच्या बॅनरवर फोटो कोणाचा? स्पर्धेचं पहिलं बक्षीस कोणाकडून? साऊंड सिस्टीम कोणी दिली? त्यामुळे आमच्या नरकासुराचं तोंड आजवर कुठल्याही ओळखीच्या माणसासारखं आलेलं नाही.


माशेलची_माई

खरं बोललास बाबा. आमच्या वाड्यावरच्या पोरांना मी एकदा म्हटलं, अरे जरा ह्याच्यासारखा करा की, गाल तसेच आहेत. तर म्हणतात माई, मग डीजेचे पैसे तू देशील?


मांडवीकाठचा

माई :) :) धागा वसूल.

तिआत्रातल्या (कोंकणी नाटकातल्या) कांतारांचं, म्हणजे गाण्यांचं, कोणीतरी लिहा, तिथे मात्र अजून नाव घेऊन मंत्र्याला सोलतात आणि तोच मंत्री कधीकधी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. तो वेगळा धागा होईल पण.


तांबडीमाती

ही सगळी चित्रं बघायची कुठे? गुगलवर धुरकट येतात, त्या पुडिंगवाल्यातला त्रिशूळ पण नीट दिसेना.


शाई_आणि_सुई

गिलरेसाठी ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर जा, त्यांच्याकडे ढिगाने आहेत, प्रत्येकाखाली त्यातला माणूस कोण, तारीख काय, सगळं दिलंय. दोमिएसाठी न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमची साइट, झूम मस्त होतो, खडूचा दाणासुद्धा दिसतो. आणि फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका आहे, तिथे शारिवारीचे जुने अंकच स्कॅन केलेत. भाषा नाही आली तरी चालतं.

त्यात १८३४ चा एक अंक जरूर शोधा. शारिवारीवर अजून एक खटला हरले होते आणि कायद्याने कोर्टाचा निकाल पहिल्या पानावर छापणं भाग होतं. त्यांनी छापला, शब्दन् शब्द, काहीही न बदलता. फक्त कंपोझिटरने ओळी कमी-जास्त लांबीच्या लावल्या, वर अरुंद, खाली फुगीर, आणि डोक्यावर देठ.


डिचोलीचा_डॉन

नाही!!!


शाई_आणि_सुई

हो. खिळे जुळवताना किती हसले असतील.


तांबडीमाती

लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर रे प्लीज.


शाई_आणि_सुई

केला.